नदीचं मूळ शोधावं!

‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’ ही म्हण आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. तिचा अर्थही ठरून गेलेला आहे. मोठ्यांच्या आरंभाकडे फार निरखून बघू नये. तिथं काहीतरी लहानसं, सामान्य, कदाचित अडचणीचंही निघायचं. पण गंमत अशी, की ज्या मराठी माणसानं ही म्हण जपली तोच शेकडो वर्षं त्र्यंबकेश्वरी जाऊन ब्रह्मगिरी चढतो आहे. म्हणजे नदीचं मूळ शोधतोच आहे! ऋषींच्या कुळाचं काय ते ज्याचं त्यानं बघावं. नदीच्या मुळाबद्दल मात्र माझं मत आता पक्कं झालं आहे. म्हणीचा हा अर्धा भाग आपण मोडीत काढायला हवा, आणि तोही आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी सर्वांच्या आधी.

आमच्याकडे गंगा म्हटलं की ती काशीची नव्हे. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे गोदावरीवर जाऊन येतो. गंगाखेड, गंगापूर, गंगथडी ही सगळी नावं गोदावरीचीच. माझी आजी हिंगोलीहून छोट्या गाडीनं पूर्णा, मग मनमाड, मग नाशिक असं करत त्र्यंबकला गेली होती, आणि ‘गंगेच्या माहेरी जाऊन आले’ असं मरेपर्यंत सांगायची. काशीला ती कधी गेली नाही. त्याची खंत तिला असल्याचंही आठवत नाही.

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या कॉलनीतल्या निवृत्तांनी मिनीबस ठरवली. शिक्षक, तलाठी, महावितरणचे एक साहेब, दोघे आम्ही बँकवाले, आणि या सर्वांची गृहमंत्रालयं. जिंतूर, जालना, आणि जालन्यापासून समृद्धी महामार्ग. चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आता इतका गुळगुळीत झाला आहे, की वाटेत काहीच घडत नाही. आजीच्या प्रवासात प्रत्येक स्टेशनाला एक गोष्ट होती. आमच्या प्रवासात टोलनाके होते. असो.

त्र्यंबकेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, ते काळ्या दगडाचं काम पाहून मान आपोआप लवते. गाभाऱ्यातल्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी अंगठ्याएवढी तीन लिंगं, आणि तिथंही सतत पाझरणारं पाणी. आम्ही औंढा नागनाथाच्या जिल्ह्यातले. आमचा देव जमिनीच्या पोटात आहे, वाकून आणि अंग चोरून उतरावं लागतं. त्यामुळे एका ज्योतिर्लिंगाच्या घरून दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. शिवाय त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे. निवृत्तिनाथांना गहिनीनाथ भेटले ते याच ब्रह्मगिरीच्या गुहेत. प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, मुलाची चुकामूक झाली आणि तो गुरूच्या गुहेत शिरला, अशी कथा आहे. आमच्या नर्सीच्या नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्याला. नाथांचं त्र्यंबक आणि नामदेवांचं औंढा यांच्यामधली वाट ही अशी जुनी आहे.

पण मला सांगायचं आहे ते गौतम ऋषींच्या कथेबद्दल. ही कथा आपण सगळे ऐकतो ती अर्धीच. गौतमांनी शेतात शिरलेल्या गाईला दर्भाच्या काडीनं हाकललं, गाय मेली, गोहत्येचं पातक लागलं, त्यांनी तप केलं, शंकरानं जटा आपटून गंगा दिली, ती पुन्हा पुन्हा गुप्त होऊ लागली तेव्हा गौतमांनी कुशाचं कडं घालून तिला अडवली, ते कुशावर्त. इथपर्यंत ठीक. पण ती गाय मुळात तिथं आली कशी? शिवपुराणातली कथा सांगते, की फार मोठा दुष्काळ पडला होता. गौतमांनी वरुणाला प्रसन्न करून न आटणारा एक पाण्याचा खड्डा मिळवला. त्या पाण्याच्या आधारानं बाकीचे ऋषीही तिथं येऊन राहिले. आणि मग एके दिवशी भांडण झालं. कशावरून? पाणी आधी कुणी भरायचं यावरून! गौतमांचे शिष्य पाणी आणायला गेले आणि बाकीच्या ऋषिपत्नींनी सांगितलं, आम्ही आधी भरणार, तुम्ही मागून. भांडण घरोघर गेलं, वाढलं, आणि गौतमांना आश्रमातून घालवण्यासाठी त्या गाईचं कुभांड रचलं गेलं.

म्हणजे पाहा, आपल्या दक्षिणगंगेच्या जन्मकथेच्या मुळाशी नळावरचं भांडण आहे. दुष्काळ, एकाच्या आवारातलं पाणी, रांगेतला नंबर आणि शेवटी राजकारण. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी कळमनुरी, सेनगाव, औंढा या भागातल्या शाखांमधून विहिरींची आणि मोटारींची कर्जं देण्यात गेली. या कथेत मला अनोळखी असं काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लागलो. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांचं काम विसाव्या शतकाच्या आरंभी झालं, आणि त्याला पैसा लावला तो कराचीच्या एका सेठानं. सिंधू नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला गोदावरीच्या उगमावर पायऱ्या बांधाव्याशा वाटल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अर्ध्या वाटेवर गुडघे बोलायला लागले. आमच्या हिनं ‘अहो, बसा जरा, गंगा कुठं पळून जात नाही’ असं म्हणून मला एका दगडावर बसवलं. खाली त्र्यंबक गाव, समोर डोंगरांची भिंत, उन्हानं तांबूस झालेलं गवत. गंगाद्वाराला पोहोचलो. लहानसं देऊळ, कातळ, आणि गोमुखातून टपकणारं पाणी. वाहणारं नव्हे हं, टपकणारं. चैत्रातली ती धार बोटाएवढीही नव्हती. आमच्या तलाठीबुवांनी हात जोडले आणि हळूच विचारलं, ‘एवढीच?’

होय, एवढीच. आणि यात निराश होण्यासारखं काही नाही. ब्रह्मगिरी हा सह्याद्रीतला बेसॉल्टचा डोंगर, समुद्रसपाटीपासून १२९५ मीटर उंच. हा खडक थरांचा असतो. काही थर सच्छिद्र, काही घट्ट. माथ्यावर पडलेला पाऊस मातीत, गवताच्या मुळांत आणि भेगांत मुरतो, घट्ट थर लागला की आडवा सरकतो आणि जिथं तो थर उघडा पडतो तिथं झऱ्यासारखा बाहेर येतो. माथ्यावर मूळगंगा, मध्ये गंगाद्वार, खाली कुशावर्त. गुप्त होणारी आणि पुन्हा प्रकट होणारी गंगा म्हणतात ती हीच. पुराणकारांनी डोंगर नीट पाहिला होता, एवढं नक्की! आता याच गोष्टीची दुसरी बाजू. माथ्यावरची माती गेली, झाडोरा गेला, पायथ्याशी खडक फोडला, की झरा मुका होतो. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या परिसरातल्या खोदकामाविरुद्ध पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला होता, तो काही शहरी लोकांचा छंद नव्हता. कुशावर्तात श्रद्धेनं बुडी मारणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न होता. पण बुडी मारणाऱ्यांपैकी किती जणांना तो आपला वाटला?

खाली गावात तर नदी दिसतच नाही. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर सिमेंटचा स्लॅब आहे, वर वर्दळ आहे, गाड्या आहेत. हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. उगमापासून हाकेच्या अंतरावर नदी झाकून टाकायची आणि भाविकाला ती कुंडात दाखवायची, हा प्रकार पाहून मी थोडा वेळ गप्पच झालो.

गंगाद्वाराच्या वाटेवर एक बाई लिंबू-सरबत आणि काकड्या घेऊन बसली होती. डोंगरावरच्याच मेटावरची. ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर अशी मेटं आहेत. मेट म्हणजे जुन्या काळची गडाची चौकी, आणि तिथं राखणीला असलेल्यांचीच पुढं वस्ती झाली. मी सहज विचारलं, ‘पाणी कुठून आणता, मावशी?’ ती म्हणाली, ‘आता चैतात लांबून. पावसात काय, घरात बी पाणी.’ तिनं हातानं खालची एक विहीर दाखवली. डोक्यावर हंडा घेऊन ही चढण ती रोज किती वेळा चढते, ते मी विचारलं नाही. माझे गुडघे अजून दुखत होते. सरबताचे पैसे घेताना तिनं मला विचारलं, ‘बाबा, कुठून आला?’ म्हटलं, हिंगोली, मराठवाडा. ‘लांबून आला म्हणजे. तुमच्याकडं नदी नाही का?’

प्रश्न अगदी साधा होता. तिला टोमणा मारायचा नव्हता. आम्ही जसं ‘जेवण झालं का’ विचारतो तसं तिनं विचारलं. मी ‘आहे की, कयाधू’ असं म्हणालो आणि पुढं काय सांगावं ते सुचेना.

आमच्या मंडळींत एक निवृत्त शिक्षक आहेत, पक्के बुद्धिवादी. त्यांचं म्हणणं, हे सगळं कर्मकांड. डबक्यात बुड्या मारून पाणीप्रश्न सुटत नाही. ते बसमधून उतरले ते केवळ बायकोच्या आग्रहाखातर. दुसरीकडे आमचे एक भाविक स्नेही. मी नदीवरच्या स्लॅबचा विषय काढला तर ते म्हणाले, ‘साहेब, देवाच्या दारात राजकारण आणू नका.’ मला या दोघांचंही पटत नाही. शिक्षकांना मी एवढंच विचारीन, की ज्या माणसानं आयुष्यात एकदा तरी नदीचा उगम पाहिला आहे, सातशेच्या घरातल्या पायऱ्या चढून ती एक थेंबभर धार पाहिली आहे, त्याला नदीविषयी जे वाटतं ते नकाशा पाहून वाटेल का? तीर्थयात्रेनं जे भूगोलाचं शिक्षण या देशाला दिलं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकाला जमलेलं नाही. आणि भाविक मित्राला सांगणं असं, की देवाच्या दारात पाण्याचं राजकारण गौतम ऋषींच्या वेळेपासून आहे. आपण ते आणलेलं नाही, आणि नाही म्हटल्यानं ते जाणारही नाही.

२०१५ सालची गोष्ट आठवा. त्या वर्षी सिंहस्थ होता. शैव आखाड्यांचं स्नान कुशावर्तात, वैष्णवांचं नाशिकला रामकुंडात. आणि त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळानं माणसं हवालदिल झाली होती. शाहीस्नानासाठी गंगापूर धरणातून पाणी सोडण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा यांनी याचिका केली होती. पुढच्याच उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मी त्या वेळी एका शाखेत होतो. कर्जाच्या पुनर्गठनासाठी आलेला एक शेतकरी टेबलासमोर बसून म्हणाला, ‘साहेब, गंगा एकच ना? तिकडं न्हायला, इकडं प्यायला बी नाही.’ त्याला मी काय सांगणार? सिंहस्थाला माझा विरोध नाही. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि लाखो माणसं नदीकाठी जमतात, यात मला काही मागासलेपण दिसत नाही. पण नदीत पाणी नसताना नदीचा उत्सव करायचा आणि त्यासाठी धरणाचं पाणी नदीत ओतायचं, यात नदीची पूजा होते की आपल्या वेळापत्रकाची, हा प्रश्न विचारला पाहिजे. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. त्याच्या तयारीत, २०२५ च्या अखेरीस, नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवरून लोक रस्त्यावर उतरले. साधूंच्या निवाऱ्यासाठी तपोवनातली झाडं! नावातच जे आहे तेही आपण वाचत नाही. गर्दीचं तर विचारूच नका. २००३ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी ‘सिंहस्थ’ या शब्दाचा अर्थच बदलला असेल.

वरच्या धरणांतलं पाणी खाली जायकवाडीला किती सोडायचं, हे भांडणही याच नदीचं. नाशिक-नगरकडचे म्हणतात पाणी आमचं, मराठवाडा म्हणतो नदी सर्वांची. २००५ साली महाराष्ट्रानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, २०१३ मध्ये मेंढेगिरी समितीनं हिशेब मांडून दिला, की ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावं. समित्या आणि न्यायालयं झाली, पण पाणी आधी कुणी भरायचं हा ऋषिपत्नींचा प्रश्न अजून रांगेतच उभा आहे.

आणि आणखी एक मौज त्या डोंगरावर कळते. त्र्यंबकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिथल्याच डोंगरांतून वैतरणा निघते, ती मात्र पश्चिमेला जाते, आणि तिच्यावरच्या धरणांतून मुंबई पाणी पिते. एकाच सरीचे दोन थेंब. एक मलबार हिलच्या नळात, दुसरा पैठणच्या घाटावर. तो दुसरा पैठणला पोहोचलाच तर, एवढंच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गोमुखातली ती धार पाहून तलाठीबुवांनी ‘एवढीच?’ असं विचारलं होतं. बँकेतली सवय म्हणून मी परतीच्या वाटेवर कागदावर जमाखर्च मांडला. गोदावरीचं खोरं तीन लाख बारा हजार चौरस किलोमीटरचं, देशाच्या एकूण जमिनीचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यात ब्रह्मगिरीची जमा किती? वाटीभर. मग ही महानदी भरते कुणामुळे? प्रवरा, पूर्णा, मांजरा, मग प्राणहिता, इंद्रावती, शबरी. यांतली सर्वांत मोठी प्राणहिता. आणि प्राणहिता म्हणजे कोण? वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम. वर्धेला येऊन मिळते पैनगंगा, आणि पैनगंगेला मिळते आमची कयाधू!

हे मला आकडे म्हणून ठाऊक होतं, पण त्या मिनीबसमध्ये ते पहिल्यांदा अंगावर आलं. हिंगोली जिल्ह्यात पडलेला पाऊस शेवटी गोदावरीतच जातो. येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणं ज्या पूर्णेवर आहेत ती अजिंठ्याच्या डोंगरातून येते आणि परभणी जिल्ह्यात कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. वसमतकडची आसना नांदेडजवळ गोदावरीत जाते. आणि कयाधूचं पाणी पैनगंगा, वर्धा, प्राणहिता असा लांबचा फेरा घालून गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळ तिला गाठतं. म्हणजे माझ्या घराच्या पत्र्यावरून गळलेलं पाणीही गोदावरीच. आम्ही चारशे किलोमीटर जाऊन ज्या गंगेचं मूळ पाहून आलो, तिची हजारो मुळं आहेत आणि त्यांतलं एक आमच्या पुलाखाली आहे.

त्या पुलाखाली काय आहे, ते हिंगोलीकरांना सांगायला नको. बेशरमाची झाडं, प्लास्टिक, गावाचं सांडपाणी, आणि गणपती-नवरात्रानंतर उरलेलं निर्माल्य. माझ्या लहानपणी कयाधूच्या वाळूत आम्ही झिरे करायचो. हातानं वाळू उकरायची, जरा थांबायचं, आणि नितळ पाणी जमलं की वाटीनं घागरीत भरायचं. बहात्तरच्या दुष्काळात शाळेत सुकडी आणि नदीत झिरे, या दोन गोष्टींवर आम्ही जगलो. त्या झिऱ्यांत पाणी होतं कारण नदीत वाळू होती. वाळू ही नदीची तिजोरी. पावसाळ्यात जमा झालेलं ती उन्हाळ्यात थोडं थोडं देते. पुढं वाळूला भाव आला, रात्रीच्या हायवा सुरू झाल्या, आणि तिजोरीच विकून टाकण्यात आली. त्या वाळूनं बांधलेल्या घरांना बँकांनी कर्जं दिली, आणि वाळू गेल्यानं आटलेल्या विहिरी खोल करायलाही बँकांनीच कर्जं दिली. दोन्ही प्रकरणं एकाच टेबलावर येत. विहिरीच्या अर्जासोबत भूजल खात्याचा कागद लागायचा, पण शेतकऱ्याचा भरवसा असायचा पाणाड्यावर. तळहातावर नारळ घेऊन तो शेतभर फिरायचा आणि नारळ उभा राहिला की ‘इथं खणा’ म्हणायचा. त्याला हसणारे आम्ही बँकवाले, पण जमिनीच्या पोटातलं पाणी वर कुठून येतं, डोंगरउतारावर पाऊस अडवला तरच विहीर भरते, हे कर्जाच्या कुठल्या रकान्यात होतं? पाण्याच्या मुळाचा रकानाच नव्हता.

कयाधू हे नावही किती वेगळं आहे! हिरण्यकशिपूची बायको, प्रल्हादाची आई. राक्षसाच्या घरात राहून भक्त वाढवणारी बाई. आणि या नदीच्या काठी नर्सी. जिथं नामदेवांचा जन्म झाला असं आम्ही मानतो. ज्यांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, ज्यांचं नाव पंजाबात घुमानला घेतात, त्या नामदेवांच्या अंगणातली ही नदी. तीर्थ व्हायला आणखी काय लागतं? गोमुख? ते कुणीतरी माणसानंच बसवलेलं असतं.

चांगल्या गोष्टीही घडताहेत, नाही असं नाही. कयाधूच्या पुनरुज्जीवनासाठी ‘उगम’ ही संस्था काही वर्षं गावांतून काम करते आहे, आणि संस्थेचं नाव पाहा! पण अशी कामं संस्थेवर सोडून आपण मोकळे होतो, जसं पूजा गुरुजींवर सोडून मोकळे होतो. माझं म्हणणं साधं आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी हजारो माणसं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात, रात्रभर अनवाणी चालतात. तशी प्रदक्षिणा आपल्या ओढ्याची, आपल्या टेकडीची का नसावी? वर्षातून एक दिवस गावानं आपल्या नदीच्या काठानं वरवर चालत जावं. कुठं घाण मिसळते, कुठं वाळू उपसली, कुठला बंधारा फुटला, कुठल्या उतारावर झाड उरलं नाही, हे पायांना कळतं. ग्रामसभेच्या टेबलावर ते कळत नाही. आणि त्र्यंबकला जाणाऱ्यांनी जरूर जावं. मी पुन्हा जाईन. फक्त डब्यांत भरून आणलेलं कुशावर्ताचं पाणी घरच्या देव्हाऱ्यात ठेवताना, त्याच सकाळी आपल्या घरचं सांडपाणी कुठल्या गंगेत गेलं तेही आठवावं. आमच्या बसमधून पाच-पाच लिटरचे कॅन हिंगोलीला आले. बस कयाधूच्या पुलावरून आली तेव्हा सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, वासामुळे.

हे मी कॉलनीत दोन-तीनदा बोललो आणि कंटाळा येईपर्यंत बोललो असेन, कारण शेवटी शिक्षकच म्हणाले, ‘चला तर मग, दाखवा तुमचं मूळ.’ कयाधू उगवते वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही सातजण जीपनं निघालो, सेनगाव मागे टाकलं, आणि विचारत विचारत एका माळावर पोहोचलो. पायऱ्या नाहीत, देऊळ नाही, सरबत नाही. नांगरलेली काळी जमीन, तिच्या कडेनं उतरत आलेल्या दोन-तीन घळी, आणि त्या एकत्र होतात तिथं हातभर रुंदीचा नाला. नाल्यात पाणी नव्हतं, पण चिखल ओला होता. तलाठीबुवांनी या वेळी ‘एवढीच?’ असं विचारलं नाही. त्यांनी खिशातून हळदीची पुडी काढली. वसमतची हळद, घरून आणलेली. ती कुठं वाहावी ते त्यांना कळेना, कारण दगडसुद्धा नव्हता. मग त्यांनी ती चिखलावरच सोडली.

बांधावरून एक शेतकरी मघापासून आमच्याकडे पाहत होता. पांढऱ्या कपड्यांतली सात म्हातारी माणसं त्याच्या नाल्यात काय करताहेत, हे त्याला उलगडेना. जवळ येऊन त्यानं विचारलं, ‘कशाचा सर्व्हे हाय, काका? रस्ता जातोय का इकडून?’ आम्ही सांगितलं, सर्व्हे नाही, कयाधूचा उगम बघायला आलो. तो थोडा वेळ नाल्याकडे पाहत राहिला. ‘हीच व्हय कयाधू? आम्ही तर नालाच म्हणतो.’ मग आमच्यात कुणी बँकेतलं आहे हे कळल्यावर तो माझ्याकडे वळला आणि त्यानं बांधाच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं शेततळं करायचं म्हणतोय, म्हणाला, पावसाचं सगळं पाणी इथून पळून जातं. अर्ज कुठं करायचा, कागदं काय लागतात? मी त्याच्या बांधावर बसलो आणि सातबाऱ्यापासून सुरुवात केली.